चटईच्या मागावर

नवी चटई उलगडली की प्लास्टिकचा उग्र वास येतो आणि जळगावचा तो कारखाना आठवतो. आई तिथे मागावर होती. एकदा मी तिचा डबा घेऊन गेले, तेव्हा तपासणीला सरकारी साहेब आले होते. मागांच्या खडखडाटात त्यांनी ओरडून विचारलं, "ताई, या आवाजाचा त्रास होतो का?" आई त्यांच्या ओठांकडे बघत हसली. "पहिले व्हये साहेब. आते काहीच नही." मालकाने समाधानाने मान डोलावली, साहेब मात्र तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या शेऱ्यानंतर सगळ्या बायांना कानात घालायचे बोळे मिळाले. आईनेही ते इमानाने वापरले. काल माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तिने मला हळूच विचारलं, "पोरीना आवाज कसा शे, माय?"