लाडू वळला, घरी चला

नंदाखालचा इनास जंगलाच्या तोंडाशी गाडीतून उतरला की आधी उकिडवा बसायचा. भोवती सात-आठ जीपगाड्या घुरघुरत उभ्या, पोरापोरींना पुढे जायची घाई, आणि हा साठी उलटलेला माणूस रस्त्याच्या कडेची मूठभर माती उचलून हातात आवळायचा, नैवेद्याचा लाडू वळावा तशी. मग मूठ उघडायची. माती भुरभुरली तर उठून म्हणायचा, "चला." आणि गोळा तसाच राहिला तर म्हणायचा, "लाडू वळला, घरी चला." मग कोणी पहाटे उठून ठाण्याहून आलेलं असो की कोणी नवे टायर घालून आलेलं असो, गाड्या मागे वळायच्या. ओल्या मातीत चाक गेलं की चाकोरी पडते, चाकोरीतून पुढल्या पावसात ओहोळ वाहतो, आणि ओहोळाबरोबर डोंगर खाली येतो, एवढंच त्याचं शास्त्र. "आपण तासभर मजा करायची आणि डोंगराने दहा वर्षं भोगायचं?" असं विचारायचा.

मला हे सगळं लेकीमुळे कळलं. आम्ही आगाशीचे वाडीवाले. केळी, नारळ, थोडी भाजी. आमचे हे होते तेव्हा इनास आमची केळी टेम्पोतून बाजाराला न्यायचा, तेव्हापासूनचा घरोबा. वयाने माझ्या बरोबरीचाच, म्हणून लिहिताना अरे-तुरे करते, तोंडावर मात्र भाऊजी. तो घरी त्यांच्या वाडीची बोली बोलायचा. आमच्याकडे आला की शाळेतली मराठी काढायचा, पण मला 'वहिनी' काही म्हणता आलं नाही त्याला. शेवटपर्यंत 'वयनी'च.

तर लेक माझी स्नेहल. मुंबईला नोकरी, लग्नाचं नाव काढलं की हिच्या कानात वारं. एका दसऱ्याला हिने दारात जुनी उघडी जीप आणून उभी केली. मला वाटलं होतं, फार तर स्कूटर घेईल. "आई, क्लब आहे आमचा. रविवारी जंगलातल्या वाटांवर गाड्या चालवतो." मी म्हटलं, "चांगला डांबरी रस्ता असताना?" तर हसली. आणि क्लबाचा म्होरक्या कोण, तर आपला इनास! टेम्पो विकून म्हातारपणी हे खूळ. पोरांनी क्लबाला इंग्रजी नाव ठेवलं होतं आणि सगळ्या गाड्यांवर वाघाचा पंजा चिकटवला होता. इनास म्हणायचा, "ह्यांचा आवाज ऐकून वाघ पळाला, पंजा तेवढा राहिला." त्याच्या स्वतःच्या जीपला पंजा नव्हता.

पहिल्या रविवारी तो स्नेहलला सोबत न्यायला आला, तेव्हा मी त्याला ओटीवरच अडवलं. "भाऊजी, पोरीला काही झालं तर?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "वयनी, मी शेवटी असतो."

"शेवटी म्हणजे?"

"रांगेत शेवटची गाडी माझी. माझ्या मागे कोणी नाही. मी घरी आलो की समजायचं, सगळे आले."

मग त्याने मला त्यांचा नियम समजावला. वाट फुटते तिथे थांबायचं. आपल्या मागची गाडी दिसली की मगच वळायचं. मागची दिसत नसेल तर दिसेपर्यंत उभं राहायचं, मग तास जावो. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. ऐकून मला धीर यायला हवा होता. झालं उलटंच. आतापर्यंत मला एकीचीच काळजी होती, आता दोघांची वाट बघायची पाळी आली.

त्याची जीप दमेकरी. आमच्या कोपऱ्यावरच्या चढाला आली की दोनदा खोकायची. रविवारी दुपारी तीननंतर मी जे काही करायचे, निवडणं-टिपणं, झाडांना पाणी, ते सगळं त्या खोकल्याकडे कान लावून. पाणी घातलेल्या झाडाला पुन्हा पाणी घालायचे. नारळ पडल्याचा आवाज आला तरी फाटकाशी जाऊन यायचे.

जाताना मी त्यांच्याबरोबर सुकेळी द्यायचे, आमच्या घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवून वाळलेल्या पानात बांधलेली. इनासला ती फार आवडायची. पण खाऊन झालं की पान घडी करून खिशात. एकदा मी म्हटलं, "अहो, पानच ते. प्लास्टिक थोडंच आहे? टाकलं तरी कुजून जाईल." तर म्हणाला, "वयनी, जंगलाने केळ लावली नाही. मग तिथे केळीचं पान कशाला?" जंगलखात्याच्या चौकीवर नावं लिहून द्यायची, फाटक बंद असेल तर वाद न घालता परत फिरायचं, पाड्याजवळ आलं की बैलगाडीच्या चालीने जायचं, हॉर्न नाही, गाणी नाही. "बैलाला वाटेत जे दिसतं, ते आपल्याला दिसलं पाहिजे," हे त्याचं आणखी एक. पोरं त्याला चिडवायची, "काका, मग बैलच घेऊ या ना!" तो म्हणायचा, "बैल तुम्हाला घेणार नाही."

एवढ्या सावध माणसाच्या हातून चूक व्हायची ती झालीच. दिवाळी नुकती सरली होती. दोन दिवस आधी अवकाळी सर येऊन गेलेली. त्या रविवारी तीन वाजले, चार वाजले, साडेचार झाले. स्नेहलचा फोन लागेना. जंगलात लागत नाहीच, ते मला ठाऊक होतं, तरी दर पाच मिनिटांनी लावत होते. पाच वाजता मी चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. ओळखीच्या कोणी विचारलं, "काय काकू, कुठे?" मी म्हटलं, "कुठे नाही, कोथिंबीर." कोथिंबीर आमच्या वाडीत ढीगभर. दिवेलागणीला खोकला ऐकू आला. एकदा. दोनदा. फाटकाशी धावले, तर इनासची एकटीच जीप आणि शेजारी स्नेहल. जीव भांड्यात पडला आणि तिचं तोंड बघून पुन्हा वर आला. गुडघ्यांपर्यंत चिखल, डोळे लाल.

"सगळे आले, वयनी," इनास म्हणाला. "कोणाला लागलं नाही. पण वाईट झालंय."

त्या सकाळी त्याने माती बघितली होती. भुरभुरली. म्हणाला, "चला." आत पाऊण कोसावर, पाड्यापाशी, वाटेत चिखल लागला. पहिली गाडी स्नेहलची. नियमाप्रमाणे थांबायला हवं होतं, मागच्यांना येऊ द्यायला हवं होतं. तिला बाजूला सपाट, स्वच्छ, कोरडी जागा दिसली. तिने गाडी तिथून घातली. ते होतं भात झोडायचं खळं. नुकतं चोपून सारवलेलं. वर कोरडं, आत ओलं. मागची चाकं रुतली, तिने जोर दिला, आणखी रुतली. काढता काढता दुपार गेली. तिची जीप तिथेच पाड्यावर ठेवून आले होते. केळीच्या घरची पोर, खळं तिला कुठून कळणार?

इनास ओटीवर बसला. पाणी दिलं, ते हातात तसंच. मग विचारलं, "शेणाने सारवता येतं ना तुम्हाला?"

"जन्म त्यात गेला माझा."

"मग उद्या या."

जंगलाच्या वाटेला मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले, तीही शेवटच्या गाडीतून. लेकीने रजा टाकली होती, क्लबाची बाकीची माणसं कुदळी आणि घमेली घेऊन पुढे गेलेली. मी जीपचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला, तोंडात देवाचं नाव. जंगलाच्या तोंडाशी इनासने गाडी थांबवली आणि उकिडवा बसला. कडेची माती उचलली, आवळली, मूठ उघडली. भुरभुरली. मग वीस पावलं आत चालत गेला, तिथली उचलली. टणक लाडू वळला. दोन्ही तळहात माझ्यापुढे धरून उभा राहिला.

"ही बाहेरची माती इथली नव्हेच, वयनी. रस्ता करायला डंपरने आणून टाकलेला भराव. मी भरावाला विचारलं, जंगलाला विचारलंच नाही."

आमच्या वसई-विरारात गेली कित्येक वर्षं जिकडे तिकडे भरावच चाललाय. शेतं बुजली, खाजणं बुजली. जन्मभर ते बघितलेला हा माणूस, आणि त्यालाही आपल्या पायाखालची माती परकी आहे हे ओळखू आलं नाही! त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

खळ्याची मालकीण जानकीबाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. खळ्याच्या अंगावर आडवे दोन चर, वीतभर खोल. कडेला कापलेल्या भाताचे भारे रचलेले, आणि आभाळ भरून येत होतं. इनासने कडेलाच बूट काढले. खळ्यात कोणी पायताण घालून जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. बघून सगळ्यांनी काढले.

जानकीबाई ओरडली नाही. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी मानसं चांगली आसाल. पन पानी आलं तर माजं भात कुटं झोडू?"

स्नेहल पुढे झाली. "आजी, मला वाटलं, मोकळी सपाट जागा आहे."

"सपाट आपोआप झाली का, बाय? आठ दिस चोपत व्हते."

इनास म्हणाला, "चूक माझी. माती मी बघितली." स्नेहल म्हणाली, "काका, गाडी मी घातली." तो तिच्यावर पहिल्यांदाच चिडला. "पुढच्याने केलेलं शेवटच्याला भरावं लागतं. म्हणून तर मी शेवटी असतो. कुदळ घे."

चर खणून मोकळे केले, पाणी शिंपडलं, माती भरली, लाकडाने चोपली. ऑफिसात बसणारी ती माणसं, तासाभरात हाताला फोड. मग मी आणि जानकीबाई सारवायला बसलो. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. दोनदा तिने माझं सारवलेलं पुसून पुन्हा सारवलं. चूक आपल्या बाजूची असली की दुसऱ्याचं सारवणसुद्धा आपल्यापेक्षा चांगलंच म्हणायचं. सगळे आभाळाकडे बघत होते. दुपारी घटकाभर ऊन पडलं, तेव्हा इनासने कपाळापासून खांद्यापर्यंत क्रुसाची खूण केली आणि जानकीबाईने त्याच उन्हाला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पाड्यावरून निरोप आला, भात घरात आलं. ते दोन दिवस मी जेवले काय आणि झोपले काय, विचारू नका.

त्यानंतर त्या मोसमात इनासने कोणालाही जंगलात नेलं नाही. पुढल्या वर्षी सुरुवात केली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. एक, माती बघायला तो वीस पावलं आत जाऊ लागला. आणि दुसरी, शेवटची गाडी त्याने स्नेहलला दिली. मी भांडले. "माझी पोर शेवटी? तिच्या मागे कोण?"

"ज्याने एकदा खळं मोडलं, त्याला दुसऱ्यांदा ते लांबून दिसतं, वयनी."

"ते राहू दे. तिच्या मागे कोण, ते सांगा."

"तिच्या मागे तुम्ही. तुम्ही ओटीवर बसलाय हे तिला ठाऊक आहे. ती बेतानेच येईल."

मग त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. तर हा रविवारी दुपारी आमच्या ओटीवर येऊन बसायला लागला, माझ्याबरोबर वाट बघायला! माझ्यापेक्षा घाबरट. अडीचपासूनच, "वयनी, किती वाजले?" आभाळ आलं की उठून अंगणातली माती आवळायचा. मी म्हणायचे, "भाऊजी, ही आगाशीची माती. डोंगराचं हिला काय कळणार?" तो हसायचा, पण हात झटकायचा नाही. एकदा स्नेहलला यायला पाच वाजले, तेव्हा टोपी चुरगाळत म्हणाला, "एवढी वर्षं तुम्ही हे कसं केलंत? गाडी हाकण्यापेक्षा हे कठीण आहे." माझ्या आयुष्यात माझ्या कष्टांना कोणी इतकं नेमकं नाव दिलं नव्हतं.

तो श्रावणात गेला, दुपारच्या झोपेतच.

नंदाखालच्या चर्चच्या मागे त्याला ठेवला. पाऊस उघडला होता. फादरांची प्रार्थना झाली आणि एकेकाने पुढे होऊन मूठभर माती टाकायची, तशी टाकू लागले. जानकीबाई आली होती. पाड्यावरून कशी, कोणाबरोबर, कळलं नाही. खड्ड्याजवळ जाताना तिने चपला काढल्या. स्नेहलची पाळी आली तशी ती उकिडवी बसली. माती उचलली आणि सवयीने आवळली. मूठ उघडली तर गोळा अखंड, बोटांच्या खुणांसकट. क्लबाची सगळी माणसं त्या हाताकडे बघत होती. तिने तो न टाकता वाकून हळूच आत ठेवला.

मग लोक पांगले. स्नेहल तिथेच होती, सगळ्यांना पुढे घालून. मी फाटकापर्यंत आले. तिथून वाट दोन्हीकडे फुटते. रिक्षावाला म्हणाला, "चला आजी, बसा."

मी म्हटलं, "थांब जरा. मागची अजून दिसत नाही."