वीज जायची तोवर ठीक होतं

ज्या प्रोग्रामनं माझी नोकरी घालवली तो मी लिहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वेळी ते कुणी ऐकून घेतलं नाही.

पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. भिंगारहून एसटीनं मी नेवासा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यावर कामाला जात होते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणापुढं दुसरं काही मोठं नव्हतं, आणि वडिलांना आता एकच बघायचं होतं, पोरगी कायम झालेली. मी होते हंगामी. काट्यावरचा प्रोग्राम हंगामभर नीट चालला तर कायम करू, असा शब्द कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी दिला होता.

काटा म्हणजे उसाचा वजनकाटा. बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर त्यावर चढला की केबिनमधला ऑपरेटर नंबर टाकायचा आणि प्रिंटर कुरकुरत पावती काढायचा. प्रोग्राम सी भाषेतला, साहेबांनी स्वतः लिहिलेला. त्यांना त्याचा लेकराइतका अभिमान. असू दे की! पण लेकराचं नाक वाहतंय म्हटल्यावर पुसायला नको?

प्रत्येक पावतीसाठी प्रोग्राम थोडी मेमरी मागून घ्यायचा आणि काम झाल्यावर परत करायचाच नाही. पंगत उठली तरी उष्ट्या पत्रावळी तशाच ठेवल्या, तर पुढची माणसं बसणार कुठं? मागितलेली मेमरी मिळाली की नाही, हेही कुठं तपासलेलं नव्हतं. प्रोग्राममधल्या धोक्याच्या जागा दाखवणाऱ्या कंपायलरच्या वॉर्निंगा तर साहेबांनी सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकल्या होत्या. "वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

"साहेब, हे एक दिवस अडकणार," मी म्हटलं.

"मागचा अख्खा हंगाम चाललंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?"

खरंच चाललं होतं. का चाललं, हे मला ते अडकल्यावरच उमगलं. काट्याची केबिन बाहेरच्या विजेवर होती आणि रोज दुपारी लोडशेडिंग. वीज गेली की कॉम्प्युटर बंद, मेमरी कोरी, आणि वीज आली की प्रोग्राम पुन्हा ताजातवाना. साहेबांच्या पत्रावळी रोजच्या रोज लोडशेडिंग उचलत होतं!

मग कारखान्यानं एक चांगलं काम केलं. गाड्या खोळंबू नयेत म्हणून केबिन कारखान्याच्या स्वतःच्या टर्बाईनच्या लाइनवर घेतली; तिथली वीज जायची नाही. नारळ फोडला, पेढे वाटले. त्याच दिवशी साहेबांनी मला पावतीवरचं शीर्षक ठळक करायला सांगितलं होतं. मी तेवढंच केलं.

संध्याकाळी स्क्रीन थिजला. गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली.

"आमची बैलं कवाची उभी हायती, आन् तुमचं मशीन झोपलंय व्हय?" एक गाडीवान खिडकीतून ओरडला. ऑपरेटरनं बंद करून चालू केलं, तेव्हा चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

मॅनेजर स्वतः केबिनमध्ये आले. साहेब म्हणाले, "बाईंनी हात लावल्यापासून बिघडलंय."

हात लावल्यापासून. आमच्या घराला हे शब्द नवे नव्हते. साहेबांच्या मनात तसलं काही होतं का, मला माहीत नाही. पण केबिनमधल्या माणसांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला चांगली ओळखता येत होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी सगळं समजावून सांगितलं. मॅनेजरनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे लाईट जात न्हाई म्हनून बिघडलं? काय बी सांगता बाई!" सगळे हसले. खरं सांगू, मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते. खरं इतकं खुळ्यासारखं असेल तर बोलणारा काय करणार?

कारखाना सफाईसाठी थांबला त्या सकाळी मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला. वॉर्निंगा चालू केल्या, पावती छापून झाली की मेमरी परत करायची ओळ घातली, कंपाईल केलं. चाचणीच्या पावत्या नीट निघाल्या, पण दिवसाची बेरीज भलतीच आली. परत केलेल्या त्याच मेमरीतून पुढं बेरीज घेतली जात होती. पाहुणा जेवायच्या आधीच मी त्याचं पान उचललं होतं. ती ओळ बेरजेच्या खाली नेली. कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या संध्याकाळी काटा अडकला नाही. दुसऱ्याही नाही. पुढं कधीच नाही.

"बाईंनी घातलेला घोळ निस्तरला मी," साहेब मॅनेजरना सांगत होते. मी शेजारीच उभी होते.

"साहेब, कुठली ओळ बदलली ती दाखवा बरं," मी म्हटलं. साहेब स्क्रीन वरखाली करत राहिले. त्यांना ती सापडली नाही.

"जाऊ द्या हो बाई, चाललं ना आता? भांडता कशाला?" मॅनेजर म्हणाले. त्या क्षणी मला कळलं की माझा निकाल लागला.

हंगामाच्या शेवटी साहेबांचा सत्कार झाला. शाल आणि नारळाचं तबक धरायला एक बाई हवी म्हणून मला पुढं बोलावलं. शाल पांघरवता पांघरवता चेअरमननी विचारलं, "ह्या कोन?"

"हंगामी होत्या," साहेब म्हणाले. "आज संपला हंगाम."

रिकामं तबक मी साहेबांच्याच हातात दिलं आणि एसटी धरली.

घरी आल्यावर वडिलांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. मेमरी, लोडशेडिंग, ती ओळ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पन बाळा, तुझ्या हातून खरंच काय बिघडलं न्हवतं ना?"

साहेबांवरचा राग कधीतरी निवला असता. या प्रश्नामुळं तो निवला नाही.