पडलेला लाटसाहेब

इतिहासातला कुठलाही मोठा माणूस शिकवताना आमच्या बाई आधी एकच विचारायच्या, "ह्याला निवडलं कुणी?" छावणी भागातल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासात त्या शिकवत. मुंबईचा एक इंग्रज गव्हर्नर त्यांच्या विशेष मर्जीतला, म्हणजे विशेष रागातला. गव्हर्नर म्हणजे लाटसाहेब, त्याच्यावरून आम्ही त्यांना लाटबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

"तिकडं इंग्लंडात टोपी काढून लोहाराच्या दारात मतं मागत फिरला," बाई रंगात येऊन सांगायच्या. "पार्लमेंटात बसला, भाषणं ठोकली, अन् पुढच्या निवडणुकीला आपटला. मग पक्षाच्या दोस्तांनी समजूत घातली, जा बाबा, मुंबई घे. इथं बंगला, बँड, तोफांची सलामी. मत मागायची कटकटच नाय." मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, बाई, आपल्याकडं तर निजाम होता, हा आपल्याला कशाला? "व्हय का? मग निजामाला तुझ्या पणज्यानं मत दिलं होतं?"

एका चाचणीत गंगापूरच्या एका पोरानं लिहिलं, 'गव्हर्नर साहेब इंग्लंडात पडले, त्यांना फार मार लागला, म्हणून ते मुंबईस आले.' वर्ग लोळून हसला. बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले. म्हणाल्या, "मार तर लागलाच होता की. औषध तेवढं आपल्याला प्यावं लागलं."

क्लास चालवणाऱ्या सरांना मात्र हे पटत नव्हतं. "बाई, परीक्षेत गव्हर्नरानं काय केलं ते विचारतात, कसा आला ते नाही. मुद्दे लिहून द्या अन् मोकळ्या व्हा." बाई मुद्दे द्यायच्या, त्यानं काढलेली कॉलेजंही सांगायच्या, पण आधी त्याला पाडायच्या आणि मगच पुढं जायच्या. परीक्षा महिन्यावर आली तेव्हा सरांनी भर वर्गात निर्वाणीचं सांगितलं : नुसते मुद्दे, नाहीतर दुसरी नोकरी बघा. नवरा गेल्यापासून बाईंचं घर त्या क्लासवरच चालायचं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"पोरांनाच विचारू," बाई म्हणाल्या.

मतं घेतली. बाईंच्या बाजूनं माझा हात, त्या गंगापूरवाल्याचा आणि आणखी दोघातिघांचा. बाकी सगळा वर्ग मुद्द्यांकडं. पोरांचं तरी काय चुकलं, घरचे निकालाकडं डोळे लावून बसलेले. मला मात्र भयंकर राग आला होता, अजूनही येतो.

सर मनानं वाईट नव्हते. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, "बाई, असं करा, आपल्या चिकलठाण्याच्या शाखेत जा. तिथली पोरं नवीन आहेत, कुणी काही विचारत नाही. तिथं शिकवा तुमच्या मनासारखं."

बाई मोठ्यानं हसल्या.

"म्हणजे इथं पडले म्हणून तिथं लाटसाहेब? नाय जमायचं, सर. तिथल्या लेकरांनी मला कुठं निवडलंय?"

पर्स उचलून त्या निघाल्या. दारात वळून आम्हाला म्हणाल्या, "मी पडले. तुमच्यापुढं पडले, पुन्हा उभी राहीन ती बी तुमच्यापुढंच."

पुढं बरेच दिवस त्यांनी घरोघरी शिकवण्या केल्या, ओढगस्त सोसली. सरांनी दोनदा बोलावणं धाडलं, चिकलठाण्याचंच. त्या गेल्या नाहीत. मागच्या वर्षी बाई वारल्या. माझ्या ओळखीत इतकी सरळ पडलेली दुसरी बाई नाही; पडली, पण कुणाच्या उरावर जाऊन बसली नाही.