वाचता न आलेल्या जागा

मोडी शिकवणारे सर सगळ्यांना ‘अहो’ म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “अहो, सारं पुणं कॉम्प्युटर शिकतंय, आपण इकडे कशा?”

परीक्षेत पास झाले तरच पुढच्या वर्गात बसता येणार होतं, आणि बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायला दिलेल्या जुन्या पत्रातले काही शब्द मला लागेचनात. अंदाजाने लिहायला मन धजेना, म्हणून तिथे टिंबं दिली.

पेपर पाहून सरांनी सवयीने चष्मा पुसला. मग कपाटातून इंग्रजी अमलातल्या एका मोठ्या इतिहासकाराने स्वतः केलेली मोडी पत्राची बाळबोध नक्कल काढली. तिच्यातही जागोजाग टिंबं होती.

“यात जन्म गेला त्यांचा. पण लागलं नाही ते ठोकून दिलं नाही.”

“म्हणजे मी पास, सर?”

“पास कसल्या. शिकवण्यासारख्या आहात, एवढंच. सोमवारी पुढच्या वर्गात या.”

कोपऱ्यावरच्या पीसीओवरून आईला फोन लावला आणि आधी नुसतीच हसत राहिले.