गळ्याखालचं काळं

"हा फोटो बघा, आणि हा पण. सगळ्यांच्या गळ्याखाली काळं आलंय." वैशालीनं स्कॅन केलेले फोटो उघडून मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला. ती कलबुर्गीला बँकेत आहे. मागे तिचे वडील, निर्णा गावचे रिटायर्ड शिक्षक नागनाथ सर, जुना फिल्म कॅमेरा छातीशी धरून उभे होते. हुमनाबादला माझा स्टुडिओ आहे.

"माझं बोट येत असंल," सर म्हणाले. "हात थरथरायलाय आता. ठेवून घ्या कॅमेरा तुमच्या शोकेसमध्ये."

"अप्पा, असं कामून बोलायलात?"

सरांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. घरातल्या प्रत्येक माणसाचा फोटो त्यांनी याच कॅमेऱ्यानं काढलाय.

हा रेंजफाइंडर. म्हणजे लेन्समधून नाही, बाजूच्या छोट्या खिडकीतून बघायचं. लेन्सपुढं काही आडवं आलं तरी बघणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे बोटाची शंका रास्त होती. पण बोट दर वेळी जागा बदलतं. इथं काळं एकाच जागी होतं, तेही फक्त घरातल्या, फ्लॅशच्या फोटोंत. अंगणातले फोटो स्वच्छ.

मग मी शटरवर आले. या कॅमेऱ्यात कापडी पडदा असतो. स्पीड जास्त ठेवला तर फ्लॅश उडताना पडदा पूर्ण उघडलेला नसतो आणि फोटोचा एक भाग काळा राहतो.

"स्पीड किती ठेवता, सर?"

"तीसवर. फ्लॅशला तेवढाच ठेवतो, पहिल्यापासून."

तीस म्हणजे फ्लॅशला पुरेसा हळू, तेही बरोबर. शिवाय पडद्याची कड सरळ येते, ही गोल होती. मी मागचं झाकण उघडून शटर पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. ठणठणीत. माझा फ्लॅश लावला, तो नीट उडाला. आता कुठं बघायचं तेच मला सुचेना. वैशाली माझ्या तोंडाकडं बघत होती. वडिलांना डॉक्टरकडे न्यायचं का, एवढंच तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

लेन्सला बुरशी आहे का बघावं म्हणून मी फ्लॅश काढला आणि मोबाइलचा टॉर्च लावला; लेन्सकडं नेताना तो फ्लॅशच्याच जागी आला. कॅमेऱ्याचं तोंड स्टुडिओतल्या भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्याकडं होतं. पडद्यावर खालच्या बाजूला गोल सावली पडली.

लेन्सवर लांबलचक हूड होता. हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची पोकळ नळी. बाजूचं ऊन लेन्सवर पडू देत नाही. पण फ्लॅश वर, हूड त्याच्या वाटेत. त्याचीच ही सावली.

"हा मूळचा न्हाई," मी म्हणाले.

"मी ऑनलाइन मागवलाय," वैशालीचा आवाज उतरला. "उन्हात फोटो पांढरट येतात म्हणून. म्हणजे मीच...?"

"व्हय, पण चांगला हाय की," सर घाईनं म्हणाले. "लेकीनं दिलाय. म्हणून कवाच काढला न्हाई मी."

मी हूड काढून त्यांच्या हातात दिला. "अंगणात लावा. घरात फ्लॅश लावला की काढा."

पुढचा रोल धुऊन आला, त्यात काळं कुठंच नव्हतं. एक फोटो मात्र उन्हाच्या तिरिपेनं पांढरट झाला होता. सर अंगणात हूड लावायला विसरले होते.

आता कुणी बिघडलेला कॅमेरा आणला की मी आधी विचारते, इतक्यात याला नवीन काय जोडलंय? स्क्रू-ड्रायव्हर नंतर काढते.