भरमूनं मारलेली हाक

भरमू गेला. आणि त्याच्या मुलीशी मी दोन वर्षं खोटं बोलतोय.

आज सगळं आटोपून त्याच्या घरी टेकलो, तर त्रिशला शेजारी येऊन बसली.
"काका, आप्पांनी मला एकदाही पळताना बघितलं न्हाय हो."

मी मान हलवली.
होकाराची की नकाराची, ते मलाच कळलं नाही. उभा जन्म पोरांना संस्कृत शिकवण्यात गेला, पण त्या क्षणी एक सरळ वाक्य जुळेना.

म्हणून इथं लिहितोय. समोर सांगायची हिंमत नाही.

ज्यांना भरमू माहीत नाही त्यांच्यासाठी: निपाणीत बी-बियाणांचं दुकान, डोक्यावर पांढरी टोपी, आणि एकदा नाही म्हटलं की नाही.
त्रिशला बेळगावला कॉलेजात गेली आणि पळायला लागली, तेव्हा त्यानं भर अंगणात जाहीर केलं होतं, "पळ कुठं पळायचं ते. मी बघायला येणार न्हाय."

पुढं दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, सकाळी सात वाजता माझ्या दारात पिकअप.
"शास्त्री, चल बेळगावला."
"कशाला रं?"
"इंटरकॉलेज स्पोर्ट्स हाईत. पंधराशे मीटर. घरात सांगितलंय, तुझं संस्कृत संमेलन हाय म्हणून."
"आणि वहिनींना पटलं?"
"तुझ्या संमेलनाची चौकशी कोण करतंय रं?"

हे खरं होतं. गाडीत जाऊन बसलो.

संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं. काकतीजवळ एकदम म्हणाला, "तिला दिसायचं न्हाय आपण. दिसलो तर माझा शब्द गेला."

मग बघायला तरी कशाला जायचं? मी विचारलं.
मला अजूनही नीट समजलेलं नाही.

पिकअपवर दुकानाचं नाव, म्हणून ती अर्धा किलोमीटर लांब लावली.
टोपी काढून खिशात घातली. पन्नास वर्षांच्या दोस्तीत भरमूचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वर भर उन्हात माकडटोपी. आजूबाजूची कॉलेजची पोरं त्याच्याकडेच बघत होती. लपण्याची ही पद्धत.

"आणि ओरडायचं झालं तर?" मी म्हटलं.
"कन्नडात ओरडणार. घरात मी मराठी बोलतो. माझं कन्नड तिनं दुकानातलंच ऐकलंय, ओळखायची न्हाय."

शर्यत सुरू झाली.
हा उभा राहून "बेग ओडु! ओडु!" लवकर पळ, पळ. अगदी चिकोडीच्या गिऱ्हाइकाला खताचं पोतं उचलायला सांगावं, त्याच सुरात.

त्रिशला तिसरी होती.
दुसरा राउंड, तिसरी. शेवटचा राउंड, तरी तिसरी. मागची पोरगी जवळ येत होती.

आणि आमच्यासमोरच्या वळणावर ह्याचं कन्नड संपलं.
"पळ गं माझ्या बाई! पळ!"

तिनं वळून बघितलं.
एवढंच. एक क्षण.
भरमू पुढच्या खुर्चीमागं खाली बसला होता आणि मागची पोरगी पुढं गेली होती.

चौथी.

तो वर येईना. वाकलेलाच म्हणाला, "मेडल मी घालवलं."
मी म्हटलं, दमली असेल ती. म्हटलं खरं, पण मला त्यातलं काय कळतं? आवाजामुळं गेलं की दमामुळं, मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

नंतर एका भिंतीआड उभे राहिलो. ती हॉस्टेलच्या बसमध्ये बसेपर्यंत.
भरमू जैन. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेला माणूस. डबा गाडीत होता.
"अरं, ऊन उतरलं. जेवून घे."
"थांब रं. तिनं काय खाल्लंय का बघ."
"मी जवळ गेलो तर मीही दिसेन की तिला."
"व्हय की."

सूर्य गेला, मग बस गेली. डबा न उघडता निपाणीला आला.
माझ्या दारात गाडी थांबवून म्हणाला, "शपथ घे. तिला सांगायचं न्हाय. बापानं शर्यत घालवली, हे पोरीला कळायला नको."
घेतली.

पुढच्या रविवारी त्रिशला घरी आली आणि मला म्हणाली, "काका, शेवटच्या राउंडला आप्पांची हाक ऐकू आली. वळले तर कोणीच न्हवतं. भास झाला."
मी म्हटलं, "होतं असं."

आता सांगा, काय करायचं होतं मी? शपथ पाळावी तर तिचा बाप कधी आलाच नव्हता. मोडावी तर बाप मिळतो, पण मेडल घालवल्याचा ठपका त्याच्यावर येतो.
दुपारपासून घोळतोय.

त्रिशला, तो भास नव्हता.
तुझे आप्पा होते. वळणाजवळ, चौथ्या रांगेत, माकडटोपी घालून. तू चौथी का आलीस ते मला माहीत नाही. पण तू वळलीस तेव्हा तिथं माणूस होता, आणि तुला हाक मारायला तो दुकान बंद ठेवून आला होता.

रागवायचं तर माझ्यावर रागव.

भरम्या, मोडली शपथ. जा आता सुखानं. तुझ्या शास्त्र्याचा नमस्कार.