आमच्या गराजमधली कॉमिक्स आणि माझी जिवती

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या फ्रीमाँटच्या गराजमधल्या कॉमिक्ससारखं असतं ते. आधी एक खोका आला, मग त्याला सोबत म्हणून दुसरा आला. आता दोन्ही गाड्या बाहेर उन्हात उभ्या असतात आणि खोके आत सावलीत!

हे खोके आमच्या ह्यांचे. दर शनिवारी दोघं जण ते बघायला येतात. एक नागपूरचा मंगेश, ह्यांच्या ऑफिसमधला. दुसरे डॉक्टरकाका, चाळीस वर्षं इथे प्रॅक्टिस करून रिटायर झालेले. आणि चौथी मेंबर आमची सई, वय वर्षं तेरा. मी मेंबर नाही. मी चहावाली.

सईचं आधीच सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलेला असतो. श्रावणातल्या शुक्रवारी मी जिवतीची पूजा करते. मुलांना उदंड आयुष्य मिळावं म्हणून करायची ती. मग कहाणी सांगायची. ऐकणाऱ्याने उजव्या मुठीत अक्षता धरायच्या आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. सई लहानपणी किती घट्ट धरायची! मग कॉमिक्स आली. गेले दोन श्रावण ती जिन्यात पुस्तकात डोकं घालून बसते आणि मी कहाणी कुंडीतल्या तुळशीला सांगते. रागवत नाही. फक्त अक्षतांची वाटी रोजच्या जागी, जिन्याशेजारच्या टेबलावर ठेवते. न जाणो!

*

डॉक्टरकाकांचे नियम फार कडक. कॉमिक हातात घ्यायचं तर आधी हात धुवा, पुसा, वाळवा. तेलाचं बोट नको, हळदीचं तर नकोच. बाकीच्यांनी लांबून बघायचं.

मी म्हटलं, "काका, हे तर आमच्या आजीचं सोवळं झालं की हो!"

काका गंभीरपणे म्हणाले, "छे गं! तुझ्या आजीच्या सोवळ्यात शेवटी प्रसाद तरी मिळायचा."

*

मंगेश प्रत्येक अंकाच्या दोन कॉपी घेतो. एक वाचायची, दुसरी प्लास्टिकमध्ये सील करून ठेवायची. ती जन्मात उघडायची नाही.

मी विचारलं, "अरे, मग त्या बंद कॉपीत तीच गोष्ट आहे हे तुला कसं कळतं?"

मंगेशने बंद कॉपी उलटसुलट करून पाहिली. मग हात जोडून म्हणाला, "वहिनी, श्रद्धा!"

*

एकदा सॅन होजेला कॉमिक्सचा मोठा मेळा होता. ही मंडळी सकाळीच गेली आणि डबा घरीच विसरली. मंगळागौरीला निघताना मी तो उचलला आणि तिथून परस्पर तिकडे ड्राइव्ह केलं. नऊवारी, नथ, अंबाडा आणि हातात डबा.

दारातच लोक फोटो काढायला लागले! एक पोरगी निळे केस, पाठीला पंख अशी. ती धावत आली आणि म्हणाली, "ओ माय गॉड, अमेझिंग! व्हिच युनिव्हर्स आर यू फ्रॉम?"

मी म्हटलं, "सोलापूर."

तिने लिहून घेतलं.

*

एका संकष्टीला मंगेश आला तो पडेल चेहऱ्याने. साबुदाणावड्याला हात लावेना. मला वाटलं, व्हिसाचं काही झालं. ह्यांनी हळूच सांगितलं, "अगं, त्याचा हीरो मेला. या महिन्याच्या अंकात."

मी म्हटलं, "मंगेश, वडा खा. आमच्या कहाण्यांत अर्ध्यावर गेलेला माणूस शेवटी उठून बसतोच. धीर धरावा लागतो."

चार महिन्यांनी फोन आला. "वहिनी, उठला!"

तेव्हापासून कुठलाही हीरो मेला की मंगेशचा पहिला फोन मला येतो.

*

जिवतीचा कागद तुम्ही पाहिलाय ना? एकाच कागदावर चार चौकटी, प्रत्येकीत वेगळं चित्र. डॉक्टरकाकांनी तो आमच्या भिंतीवर पाहिला आणि चष्मा लावून जवळ गेले. "अरे, हे तर आपलं फोर पॅनेल पेज! वरच्या चौकटीत बघ, देव खांब फोडून बाहेर येतोय. काय एंट्री आहे!"

मग त्यांना त्यावरचं हळदीकुंकू दिसलं. ते कळवळले. "अगं, डाग पाडलेस! कंडिशन गेली याची!"

मी म्हटलं, "काका, ते लागल्याशिवाय याची कंडिशन येतच नाही."

*

आता यंदाच्या श्रावणातला शेवटचा शुक्रवार. ह्यांनी सुट्टी घेतली होती, म्हणून काका आणि मंगेशही आले होते. सई नेहमीप्रमाणे जिन्यात. मांडीवर कॉमिक, कानात इयरफोन, आणि पानं उलटतेय डाव्या हाताने! हे तिचं नवीनच. मी किती शुक्रवार सांगितलं, "अगं, विद्या आहे ती, उजवा हात लाव." तिचं उत्तर ठरलेलं: "आई, इट्स फाइन."

मी पूजा केली. पुरण गॅसवर होतं, करपायची भीती. म्हणून तुळशीला कहाणी जरा भराभरा सांगायला घेतली. गरीब बहीण भावाकडे जेवायला निघाली, इथवर आले आणि एकदम शेवट गाठला: भावाला पश्चात्ताप झाला.

जिन्यातून आवाज आला, "आई! यू स्किप्ड अ होल इश्यू!"

गराजच्या दारात काका आणि मंगेश जागच्या जागी थिजले. मधला अंक गहाळ म्हणजे त्यांच्यात सुतकच!

"कुठला गेला?" काकांनी घाबरून विचारलं.

"तिला पंगतीतून उठवतात तो!" इयरफोन ओढून काढत सई खाली आली. "तीन दिवस, काका. तिन्ही दिवस शी गोज, आणि तिसऱ्या दिवशी तो तिला हात धरून बाहेर काढतो. ते नसेल तर ही इज सॉरी फॉर व्हॉट?"

"करेक्ट!" मंगेश म्हणाला.

मग तिथूनच तिने सगळी कहाणी सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी इंग्लिशमध्ये, पण एक अक्षर गाळलं नाही. कॉमिक डाव्या काखेत. ह्यांनी जाऊन गॅस बंद केला.

कहाणी संपली. सई जिवतीपुढे वाकली आणि तिने उजवी मूठ उघडली.